रागिणी भोपळेचा शेवटचा फोटो

१

रागिणी भोपळे पुलाखाली सापडली तेव्हा तिच्या उजव्या हातात मोबाईल होता.

मूर्तिजापूरच्या बाहेर शकुंतला या छोट्या गाडीचे रूळ एका नाल्यावरून जातात. गाडी बंद पडून वर्षं झाली, रूळ गंजले, स्लिपरांमधलं गवत वाळून उभं असतं. पुलाला कठडा नाही. माघ महिना, त्यामुळे नाल्यात पाणी नावालाच होतं, बाकी सगळे धोंडे. हरभरा सोंगायला निघालेल्या बायांना आधी दगडात अडकलेली चप्पल दिसली, मग पाय दिसला, आणि मग त्यांनी जी बोंब ठोकली ती वस्तीपर्यंत ऐकू गेली.

सहायक पोलीस निरीक्षक सुभद्रा गावंडे पोचल्या तोवर सूर्य बराच वर आला होता. चाळिशी ओलांडलेली बाई, मूळची दर्यापूरची, आवाज भरड. त्यांच्या हाताखालचे, पोलिसात सगळी हयात घालवलेले हवालदार पंजाबराव पुलावरून खाली बघत उभे होते.

"मोबाईलचा नाद, म्याडम," पंजाबराव म्हणाले. "उगवता सूर्य काढाले गेली, मांगं-मांगं सरकली, अन् गेला पाय. आता हे रोजचंच होऊन राहिलं."

मोबाईलची काच तडकली होती, पण तो चालू होता. तिच्या भावानं, गोवर्धननं, लॉक उघडून दिलं. शेवटचा फोटो त्याच सकाळचा होता. पुलावरून काढलेला. दूर जाणारे रूळ, त्यांच्या टोकाला तांबडं बिंब. स्वच्छ, लखलखीत फोटो. सगळं जुळत होतं.

सुभद्राबाई धोंड्यांवरून खाली उतरल्या आणि त्या हाताकडे बघत राहिल्या. पडणारा माणूस हात उघडतो. काहीतरी धरायला बघतो. या बाईनं एवढ्या उंचीवरून पडतानाही मोबाईल सोडला नव्हता, आणि बोटं तर त्याच्याभोवती कोणी नीट गुंडाळून ठेवावी तशी होती.

बांधावरून एक म्हातारी येत होती. कोणी तिला धरलं नव्हतं. ती रागिणीची आई, पार्बताबाई. मुलीजवळ ती खाली बसली, पदरानं तिच्या कपाळावरची माती पुसली, आणि रडली नाही. मग मान वर करून म्हणाली,

"म्याडम, माही पोरगी मोबाईलनं फोटो काढत नोती. तिचा क्यामेरा कुठी हाय?"

२

भोपळ्यांचं घर गावाच्या कडेला, मागे झेंडू-शेवंतीचे वाफे. रागिणी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, शनिवारी घरी यायची. रविवारी उजाडायच्या आत कॅमेरा गळ्यात अडकवून निघायची, ती ऊन चढल्यावर परतायची. लग्न केलं नव्हतं. गावानं त्यावर बोलून झालं होतं आणि अजून बोलायचं शिल्लकही होतं.

"मोबाईल काहून नाई वापरायची?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"म्हणे, आई, मोबाईल फोटो काढत नाई, बनवते. तोंडावरचे डाग पुसून टाकते, आभाळ निळं करून देते. मी म्हनलं, मंग चांगलंच हाय नं. तं हसली. म्हणे, तुह्या तोंडावरच्या सुरकुत्या मले पाह्यजे." पार्बताबाईंनी ओठ घट्ट मिटले. "अजून काय सांगू तुमाले."

सुभद्राबाईंनी मोबाईल चाळला. म्हातारीचं खरं होतं. फोटो होते, पण कसले? फळ्यावरची वेळापत्रकं, प्रश्नपत्रिका, एसटीच्या वेळा, औषधाची चिठ्ठी. सगळ्यांवर एक धुरकट पडदा, दुधातून बघितल्यासारखा. खडूचे आणि खोबरेल तेलाचे हात लागलेला मोबाईल, तो पुसणार कोण? हौसेनं काढलेला एकही फोटो त्यात नव्हता. फक्त तो शेवटचा.

गोवर्धन ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. उजव्या तळव्याला फडकं बांधलेलं.

"कॅमेरा विकला तिनं," तो एकदम बोलला. "मांगच्या महिन्यात."

"खोटं नको बोलू," आई आतून म्हणाली. "काल तिनं माह्यासमोर पुसून ठेवला."

गोवर्धनची मान खाली गेली. सुभद्राबाईंनी त्याला वाफ्यांकडे नेलं.

"हाताले काय झालं?"

"खाली उतरताना दगड लागला. मले फोन आला तसा धावत गेलो."

"अन् कॅमेरा विकला असं काहून सांगतलं?"

"काय सांगू म्याडम? कॅमेरा गेला म्हणजे कोणीतरी नेला. कोणीतरी नेला म्हणजे तिथं कोणीतरी होता. पाह्यटं, त्या पुलावर, माह्या बहिणीसंग. लोक काय म्हणतीन? मोबाईलच्या नादात पडली म्हटलं तं दोन दिवस हळहळतीन अन् गप बसतीन." त्याचे डोळे भरून आले. "गुरुवारी मी तिच्या अमरावतीच्या खोलीवर गेलो होतो, तं थे फोनवर कोणाले तरी झापून राह्यली होती. 'हे तुला शोभतं का?' म्हणे. अशी चिडलेली मी तिले कधी पाह्यली नाई."

शेवटच्या आठवड्यात तिच्या मोबाईलवरून घर आणि शाळा सोडून दोनच माणसांशी बोलणं झालं होतं. अकोल्याच्या जुन्या शहरातला कॅमेरे दुरुस्त करणारा नागसेन तायडे. आणि अकोल्यातल्याच जठारपेठेतला पियुष मोहोड, ज्याचं नाव पंजाबरावांच्या नातवालाही माहीत होतं.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. मार धोंड्यांचाच होता. पण छातीवर, दोन्ही खांद्यांच्या खाली, तळहातांचे वळ होते. समोरून ढकलल्याचे.

"आणि आणखी एक," डॉक्टर म्हणाल्या. "मानेच्या मागं कातडी सोलली आहे. पट्टा ओढून काढल्यासारखी. हे पडल्यानंतरचं आहे, आणि तेव्हा ती जिवंत होती."

३

अकोल्यात मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरातल्या एका अरुंद गल्लीत नागसेनचं दुकान होतं. तिशी उलटलेला, डिप्लोमा केलेला, मितभाषी माणूस. सुभद्राबाई आत शिरल्या आणि त्यांची नजर पहिल्यांदा गेली ती फळीवरच्या काळ्या बॅगेवर. बॅगेवर पांढऱ्या शाईनं लिहिलं होतं: र. भोपळे.

"ही तुमच्याकडे कशी?"

"चेन तुटली होती. शनिवारी दुपारी देऊन गेल्या मॅडम." नागसेननं बॅग खाली काढली. "कॅमेरा गळ्यातच घेऊन गेल्या. म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात नेईन."

"रविवारी सकाळी कुठी होते तुम्ही?"

"घरी. एकटाच राहतो मी. कोणी सांगणारं नाही."

त्यानं ते सरळ सांगून टाकलं आणि सुभद्राबाईंना तो आवडला. पण आवडण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मागच्या भिंतीवर दोन मोठे फोटो टांगले होते. एकात गणपतीची आरास बघणारी पोरगी, आणि तिच्यामागे दिव्यांच्या माळा विरघळून मोठमोठे गोल झालेले.

"हे मॅडमनंच काढलेले," नागसेन म्हणाला. "लेन्स माझ्याकडून घेतली होती त्यांनी. जुनी, एकशे पस्तीस एमएमची. मी विकायला तयार नव्हतो. आतल्या काचेचा कडेला टवका उडालेला होता, उजेड त्यात फाकायचा, म्हणून मी तो काळ्या शाईनं भरला. मॅडमना तीच पाहिजे होती. आता हे गोल बघा."

सुभद्राबाई जवळ गेल्या. प्रत्येक गोलाला, वर उजव्या अंगाला, छोटासा काळा टवका होता. भाकरीचा तुकडा मोडावा तसा. एकाला नाही, सगळ्यांना.

"मागचा दिवा धूसर होतो तेव्हा तो लेन्सच्या आतल्या वाटेचा आकार घेतो. त्या वाटेत काही आडवं असलं की तेही उमटतं. हे मलाही ठाऊक नव्हतं. मॅडमनंच फळ्यावर काढून दाखवलं होतं. लेन्स बदलली की टवका गेला."

"अन् मोबाईलमधी?"

"मोबाईलची लेन्स तांदळाच्या दाण्याएवढी. तिला एवढं धूसर करताच येत नाही. म्हणून तो माणूस कात्रीनं कापल्यासारखा वेगळा काढतो आणि मागचं हिशेबानं पुसटतो. लांबून छान दिसतं. पण बघा."

त्यानं स्वतःच्या मोबाईलनं सुभद्राबाईंचा फोटो काढला, मागे बल्बांची माळ लावून. फोटो खरंच छान होता. त्या स्वतःलाच जरा तरुण वाटल्या. मग नागसेननं तो मोठा केला. कानाजवळचे सुटे केस मागच्या धुक्यात खाल्ले गेले होते. कानाच्या आणि केसांच्या मधल्या फटीतून दिसणारी माळ मात्र तशीच ठळक राहिली होती. आणि मागचे गोल गुळगुळीत, निर्मळ.

"मॅडमचा शेवटचा फोन कशासाठी होता?"

"विचित्रच विचारलं त्यांनी. म्हणाल्या, मोबाईलनं काढलेल्या फोटोत माझ्या लेन्सचा टवका येऊ शकतो का? मी हसलो. म्हटलं, मॅडम, कसं शक्य आहे? त्या हसल्या नाहीत. 'मलाही तसंच वाटतं,' म्हणाल्या आणि फोन ठेवला."

४

पियुष मोहोडच्या घराचा जिना चढताना पंजाबराव मुलाखतीला आल्यासारखे शर्ट नीट करत होते.

सत्तावीस वर्षांचा पोरगा. दोन वर्षांपूर्वी कोणी ओळखत नव्हतं. मग त्याचे फोटो लोकांनी पाहिले, 'फक्त मोबाईलवर काढलेले', आणि मोठ्या कॅमेरेवाल्यांनी तोंडात बोटं घातली. एका मोबाईल कंपनीनं त्याला आपला चेहराच केलं. कॉलेजांत त्याची भाषणं व्हायची: महाग कॅमेरा लागत नाही, नजर लागते.

तो मात्र साधा निघाला. नमस्कार केला, स्वतः पाणी आणलं. रागिणीचं नाव निघताच त्याचे डोळे भरले.

"मॅडम माझ्या नववीच्या वर्गशिक्षिका. प्रकाशाचा धडा त्यांनी शिकवला म्हणून मी इथं आहे. नंतरही जायचो त्यांच्याकडे. त्यांचे फोटो बघायचो. किती साठा होता त्यांच्याकडे! कोणाला दाखवायच्या नाहीत."

"गुरुवारी त्यांचा फोन आला होता."

"अभिनंदनाला. चौकातलं माझं होर्डिंग बघितलं म्हणाल्या."

"चिडल्या नव्हत्या?"

"मॅडम?" तो खिन्न हसला. "त्यांना चिडता येतच नव्हतं."

गोवर्धननं सांगितलं होतं ते वेगळं. पण तो भाऊही एकदा खोटं बोलून चुकला होता.

"रविवारी सकाळी कुठं होता?"

"इथंच. रोज पहाटे एक फोटो काढतो आणि लगेच टाकतो, हा माझा नेम आहे. रविवारी खालच्या फुलबाजारात होतो." त्यानं मोबाईल पुढे केला. मथळा होता, 'आजची पहाट, आपली जठारपेठ.' फोटोत एक फुलवाली म्हातारी, हातात झेंडूच्या माळा, आणि तिच्यामागे बाजाराचे दिवे धूसर झालेले. वेळही नोंदलेली होती. त्या वेळी मूर्तिजापूरच्या नाल्यात रागिणी मरत होती.

निघताना तो म्हणाला, "मॅडम, तुमचा एक फोटो काढू? खिडकीचा उजेड सुंदर पडलाय तुमच्यावर." सुभद्राबाईंनी हरकत घेतली नाही. त्यानं मोबाईल उचलला, सदऱ्याच्या टोकानं मागची लेन्स पुसली, उजेडाकडे धरून पाहिली, पुन्हा पुसली, आणि मग बटण दाबलं.

त्याच्या मोबाईलची जागाही तपासून झाली. रविवारी सकाळभर तो जठारपेठेतून हललाच नव्हता.

"हा पोट्टा नाई म्याडम," पंजाबराव जिना उतरताना म्हणाले. "तो नागसेन पाहा. एकटा राह्यते, बॅग त्याच्यापाशी."

सुभद्राबाई चौकात थांबल्या. समोर दुमजली उंचीचं होर्डिंग होतं. नवरात्रात देवीच्या दर्शनाला उभी असलेली एक बाई, डोळे मिटलेले, आणि मागे अमरावतीच्या रस्त्यावरची रोषणाई विरघळलेली. खाली पियुषचं नाव. 'हा फोटो मोबाईलवर काढलेला आहे.'

बाईच्या कपाळावरचा एकेक सुटा केस त्या उजेडात वेगळा दिसत होता. आणि मागचे गोल परातीएवढे मोठे झाले होते. प्रत्येक गोलाला, वर उजव्या अंगाला, टवका होता.

५

"म्हणजे फोटो चोरले यानं," पंजाबराव म्हणाले. "पण म्याडम, चोरणं वेगळं अन् मारणं वेगळं. थो तं इथं होता."

"कशावरून?"

"फोटो हाय नं रविवारचा."

सुभद्राबाईंनी काही न बोलता तो रविवारचा फोटो उघडून मोठा केला. झेंडूच्या दोन माळांच्या मधल्या फटीतूनही दिवे धूसरच दिसत होते. आणि प्रत्येक दिव्याला टवका.

हा फोटो पियुषच्या मोबाईलचा नव्हता. मग तो रविवारचा तरी कशावरून?

फुलबाजारात शोधावं लागलं नाही. फोटोतली म्हातारी, दुर्गाबाई, त्याच जागेवर बसली होती. सुभद्राबाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या आणि मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हा कोणी काढला, आजी?"

"एक मास्तरीण येत होती. मोठा क्यामेरा घेऊन, अशी माह्यासमोर मातीत बसे. म्या म्हनलं, बाई, लुगडं खराब होईन. तं म्हणे, होऊ द्या."

"या रविवारी आली होती?"

"या रविवारी?" म्हातारीनं त्यांच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "हा तं दसऱ्याचा हाय नं, माय." तिनं काळपट बोट फोटोवर ठेवलं, स्वतःच्या तोंडावर नाही, मागच्या धुक्यात, जिथं दिव्यांच्या खाली एक वाकलेली आकृती होती. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता करडा आकार. "हा पाह्य. टोपलं उचलून राह्यला थो आमचा म्हातारा. त्याची उचलायची लकबच तशी, एक खांदा पाडून."

"त्यांना बोलवता का जरा?"

दुर्गाबाई मोबाईल हातात धरून तशीच बसली.

"दिवाळीत गेला थो," ती म्हणाली.

६

ठाण्यात पियुष शांत बसला होता. सुभद्राबाईंनी दोन फोटो त्याच्यापुढे ठेवले, टवका दाखवला, दुर्गाबाईंचं म्हणणं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि शेवटी मान हलवली.

"मान्य. फोटो मॅडमचे. माझ्यात तेवढी नजर नव्हती, ओढ होती. त्यांच्या हार्ड डिस्कवरून घेतले. त्याची काय शिक्षा असेल ती द्या. पण फोटो चोरला म्हणजे खून केला असं होत नाही. माझा मोबाईल जठारपेठेत होता."

"मोबाईल होता. तुम्ही होता असं मी म्हटलं नाही." सुभद्राबाई सावकाश बोलत होत्या. "पोस्ट आधी वेळ लावून ठेवता येते, हे माझ्या भाचीनंही मला शिकवलंय. पहाटे दुचाकीनं मूर्तिजापूर काही लांब नाही. आता मॅडमच्या मोबाईलकडे येऊ. त्यांच्या हातात तो कोणीतरी ठेवला. पुलावर जाऊन त्यावर एक फोटो काढला आणि मग ठेवला. कॅमेरा उघडायला लॉक काढावं लागत नाही. मॅडम मोबाईलच्या नादात पडल्या असं आम्हाला वाटावं म्हणून."

"ते कोणीही करेल. त्यांचा भाऊ करेल. तो दुरुस्तीवाला करेल."

"करेल. पण हे बघा." त्यांनी फळ्याचे, चिठ्ठ्यांचे फोटो एकापाठोपाठ एक सरकवले. "सगळे धुरकट. तेल, खडू. शाळेत शेवटचा शुक्रवारी काढलेला, तोही धुरकट. आणि हा रविवारचा बघा, काचेसारखा. समोर सूर्य असून एक रेघ फाकली नाही. म्हणजे बटण दाबण्याआधी कोणीतरी लेन्स पुसली. खाली एक बाई मरत असताना, गडबडीत, कोणी बघेल या भीतीत, तरी पुसली. भाऊ पुसणार नाही, त्याला ते सुचणारच नाही. नागसेनवर माझा संशय होता. पण त्यानं माझा फोटो काढला तेव्हा मोबाईल उचलला आणि काढला. तुम्ही मात्र माझा फोटो काढायच्या आधी दोनदा पुसली."

पियुषचा हात नकळत सदऱ्याच्या टोकाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"हे कोर्टात टिकणार नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"नाही टिकणार. म्हणून मी लेन्सचा विचार केला. कॅमेरा कुठलाही चालतो, तो तुम्ही फेकला असेल. पण लोकांना सवय लागली होती त्या फोटोंची. पुढचा फोटो तसाच दिसायला हवा, म्हणजे लेन्स तीच हवी. ती तुम्ही फेकणार नाही."

दार उघडलं. पंजाबराव आत आले. त्यांच्या हातात पिशवी होती. पियुषच्या घरी, देवघराच्या मागं कापडात गुंडाळून ठेवलेली लेन्स त्यांनी टेबलावर ठेवली. आतल्या काचेच्या कडेला शाईचा काळा ठिपका होता. लेन्सच्या कड्याच्या खाचेत अडकलेला एक लांब केसही होता.



"मॅडमनी मला सोमवारपर्यंत मुदत दिली होती," पियुष म्हणाला. "म्हणाल्या, मी कोणाला सांगणार नाही पियुष, तूच सांग. चूक आपण सांगितली की ती निम्मी होते. मी पाया पडलो. सगळं जाईल म्हटलं. त्या म्हणाल्या, जाऊ दे, तू पुन्हा शिकशील, मी शिकवीन. मला राग आला. नुसतं ढकललं मी. ते रागात झालं."

"मोबाईल घरी ठेवून निघणं रागात होत नाही. आदल्या दिवशी पोस्टला वेळ लावणंही."

सुभद्राबाईंनी डॉक्टरांचा कागद पुढे ओढला.

"खाली गेलात तेव्हा त्या जिवंत होत्या. डॉक्टर तसं म्हणतात. बोलल्या काही?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"काय?"

"'फोन लाव,' म्हणाल्या. खिशाकडे हात नेत होत्या. मीच काढून घेतला मोबाईल." त्यानं तोंड झाकून घेतलं. "मी... लेन्स पुसली, वर गेलो आणि फोटो काढला. परत आलो तेव्हा झालं होतं."

इतकी वर्षं नोकरी झालेले पंजाबराव उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

७

चौकातलं होर्डिंग उतरलं. काही दिवस नुसता लोखंडी सांगाडा होता, मग तिथं शिकवणी वर्गाची जाहिरात आली. रागिणीचे फोटो कंपनीनं काढून टाकले, पण तिचं नाव कुठं लागलं नाही. नागसेननं दसऱ्याचा फोटो मोठा करून दुर्गाबाईला नेऊन दिला. म्हाताऱ्याचा दुसरा फोटो तिच्याकडे नव्हता.

दोषारोपपत्र गेलं त्या दिवशी सुभद्राबाई भोपळ्यांच्या घरी गेल्या. गोवर्धन बाजारात गेला होता. पार्बताबाई शेवंती खुडत होत्या. त्यांनी हात थांबवले नाहीत. सुभद्राबाईही वाफ्याच्या कडेला बसल्या.

"लगेच गेली का थे?" म्हातारीनं विचारलं. "का पडून राह्यली होती?"

नाही म्हणणं सोपं होतं. सगळे तेच म्हणाले असते. पण हे कोर्टात वाचून दाखवलं जाणार होतं, काळा कोट घातलेल्या कोणा अनोळखी माणसाच्या आवाजात, भरल्या खोलीत. ते तिनं तिथं पहिल्यांदा ऐकावं हे सुभद्राबाईंना सोसवेना. त्यांनी सांगितलं. पुलावर काय बोलणं झालं ते, खाली काय झालं ते. 'फोन लाव' तेही सांगितलं. काही गाळलं नाही.

पार्बताबाईंनी सगळं ऐकलं. मांडीवरची फुलं एकेक करून टोपल्यात टाकली. मग दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले आणि तशाच बसून राहिल्या, जमीन हलत असावी तशा. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. सुभद्राबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला.

"पोट्टा हुशार होता का तिच्या वर्गात?" शेवटी म्हातारीनं विचारलं.

"होता म्हणतात."

"तिनं सांगतलं असन मंग त्याचं नाव कवातरी. सगळ्यायचे नावं सांगे थे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि उठायचा प्रयत्न केला, सुभद्राबाईंनी हात दिला. "उद्या तिच्या शाळंतले पोरं येऊन राह्यले. लहान-लहान हायेत, सातवी-आठवीतले. फुलं वाह्याचे म्हणतात."

"मी येतो."

"या. पण थे विचारतीन. पोरंच थे, विचारतीनच कोणं केलं म्हणून." म्हातारीनं टोपलं कमरेवर घेतलं. "तिच्याच वर्गातला होता, एवढं नका सांगू त्यायले."